अ‍ॅनाच्या नावाची जेलीफिश

ठिपक्यांची रांगोळी आपण सगळ्याच काढतो. पण मिठाच्या कणाहूनही बारीक जिवाच्या अंगात अशी रांगोळी असते, हे अर्न्स्ट हेकेलची चित्रं बघेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

रेडिओलेरिया हे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. त्यांचा जाळीदार सांगाडा सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा. जीव मेला की सांगाडा तळाला जातो, थरावर थर साचतात आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो. आमच्या शिरूर अनंतपाळात कितीही खणलं तरी तो मिळायचा नाही, आपला काळा दगड पडला लाव्हारसाचा! अंदमानच्या खडकांत मात्र आहे. कुठला सांगाडा कुठल्या काळातला हे कळलं, की खडकाचं वय सांगता येतं. त्यासाठी प्रत्येकाची ओळख पक्की हवी.

हेकेलचा जन्म जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा, १६ फेब्रुवारी १८३४ चा. वडिलांच्या आग्रहाखातर तो डॉक्टर झाला. पण दवाखान्याची वेळ ठेवली पहाटे पाच ते सहा! रुग्ण येतील कशाला? त्यालाही तेच हवं होतं.

१८५८ मध्ये अ‍ॅना सेथेशी त्याची सोयरीक ठरली. अ‍ॅना त्याच्या आईच्या माहेरची, नात्यातलीच. मामाची मुलगी करायची रीत आपल्या मराठवाड्याला नवी नाही. लग्नाआधी तो इटलीला गेला आणि मेसिना बंदरात समुद्राचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसला. सांगाड्यात एकात एक गोल किती, छिद्रं गोल की षट्कोनी, काटे किती, सगळं मोजायचं, चित्र काढायचं, आधीच्या वर्णनांशी ताडून बघायचं. कुणाशीच जुळलं नाही तर नवं नाव द्यायचं. शंभरावर नव्या जाती त्याला मिळाल्या. १८६२ मध्ये ग्रंथ निघाला, येनाला प्राध्यापकी मिळाली आणि ऑगस्टमध्ये लग्न झालं.

संसार दीड वर्षाचा. १६ फेब्रुवारी १८६४ ला, त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, अ‍ॅना गेली. त्याच सुमारास त्या ग्रंथासाठी पदक जाहीर झालं होतं.

सावरायला तो समुद्रकाठी गेला. तिथं एका जेलीफिशचे तंतू पाहून त्याला अ‍ॅनाचे केस आठवले. त्या जातीला त्यानं नाव दिलं मायट्रोकोमा अ‍ॅनी.

१८६७ मध्ये त्यानं अ‍ॅग्नेस हुश्केशी लग्न केलं. तीन मुलं झाली. १८७९ मध्ये आणखी एक जेलीफिश सापडली, तिला नाव दिलं डेस्मोनेमा अ‍ॅनासेथे. या वेळी तर आडनावासकट! पुढं घर बांधलं, त्याचं नाव व्हिला मेड्युसा. मेड्युसा म्हणजे जेलीफिशच. मला राहून राहून अ‍ॅग्नेसचंच वाटतं. त्या घरात चूल तिनं सांभाळली. १८८१ मध्ये हेकेल सिलोनला निघाला, वाटेत मुंबईत आठवडाभर राहिला, घारापुरीची लेणी बघून आला. त्या वेळी मागं घरची उस्तवार करायला तीच होती.

चॅलेंजर या ब्रिटिश जहाजानं १८७२ ते १८७६ मध्ये जगभरच्या समुद्रतळाचा गाळ आणला होता. त्यातले रेडिओलेरिया निवडायला हेकेलला दहा वर्षं लागली. १८८७ च्या अहवालात ४,३१८ जाती आहेत, पैकी ३,५०८ नव्या. पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या कितीतरी एकात घातल्या. चिकाटी मानावीच लागेल. पण याच माणसानं माणसांच्या वंशांचीही उतरंड लावली आणि युरोपियनांना वर बसवलं, ते काही मला पटत नाही. गर्भांची चित्रं त्यानं सोयीची काढली, असा ठपकाही त्याच्यावर आहे.

अ‍ॅग्नेस १९१५ मध्ये वारली, तो १९१९ मध्ये. १८९९ पासून भागाभागानं निघालेल्या त्याच्या चित्रसंग्रहात आठव्या चित्रात डेस्मोनेमा अ‍ॅनासेथे आहे, न्हाऊन केस मोकळे सोडल्यासारखी. अ‍ॅग्नेसच्या संसाराला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती.