वाट नसलेल्यांचे वाटाडे : कर्मवीर भाऊराव पाटील

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहेत. आहाराने एका दिवसाची भूक भागते, औषधाने एक दुखणे दूर होते. परंतु शास्त्रदान, म्हणजेच ज्ञानदान, मनुष्याला जन्मभर पुरते. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ज्ञानदानाचा विचार करू लागलो की एक नाव आपोआप ओठांवर येते. ते नाव आहे पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. शाळा शिकणाऱ्या मुलापुढे उभा राहणारा सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे 'पुढे काय?' हा होय. या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले अवघे आयुष्य वेचले, अशा या पुरुषश्रेष्ठाचे चरित्र आपल्या तरुण पिढीने व त्याहूनही अधिक पालकांनी अभ्यासावे, या हेतूने हा अल्प प्रयत्न.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी, एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. याच कुंभोजजवळच्या डोंगरावर आपले बाहुबली हे पवित्र क्षेत्र आहे. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते, तर आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. वडिलांच्या नोकरीमुळे गावे बदलत गेली. प्राथमिक शिक्षण झाल्यावर भाऊरावांना इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घालण्यात आले आणि राहण्याची सोय तेथील जैन बोर्डिंगात झाली.

या बोर्डिंगात घडलेला एक प्रसंग आपल्या समाजाच्या स्मरणिकेत टाळून पुढे जाणे योग्य ठरणार नाही. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे, असा बोर्डिंगचा आग्रह होता. भाऊरावांनी तो मानला नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाने विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी उभारलेल्या वास्तूचे दार एका जैन विद्यार्थ्यासाठी बंद झाले. राजर्षी शाहू महाराजांनी मात्र त्यांना आश्रय दिला. पुढे ज्यांनी हजारो मुलांना निवारा दिला, त्यांना विद्यार्थीदशेतच निवारा गमावण्याचा अनुभव आला होता.

त्या वेळी बोर्डिंगची व्यवस्था समाजाचे थोर नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. काही वर्षांनी, १९१४ च्या सुमारास, कोल्हापुरातील राजपुतळ्यास डांबर फासल्याच्या प्रकरणात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांचा अतोनात छळ झाला. छळ असह्य होऊन त्यांनी प्राणत्यागाचाही प्रयत्न केला, पण खोटी साक्ष दिली नाही. मनात कटुता ठेवण्यास कारण असतानाही ते सत्यव्रतापासून ढळले नाहीत. क्षमा आणि सत्य ही दशलक्षण धर्मातील दोन लक्षणे त्यांनी आचरणात आणून दाखविली.

शालेय शिक्षणात भाऊरावांची गाडी इंग्रजी सहावीच्या पुढे सरकली नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर ते दहावीसुद्धा झाले नव्हते. गणिताच्या गुणांवरून किंवा परीक्षेच्या निकालावरून मुलाची किंमत ठरविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शिक्षण सुटले, हाती काम नाही, घरी वडिलांचे बोल ऐकावे लागत. अशा अवस्थेत ते साताऱ्यास आले आणि शिकवण्या घेऊ लागले. हळूहळू 'पाटील मास्तर' म्हणून त्यांचा लौकिक झाला व मिळकतही चांगली होऊ लागली. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्याचे व किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून काम केले. नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून व्यवहार करताना त्यांना दुहेरी दर्शन घडले. एकीकडे शेतकऱ्याचे अज्ञान व कर्जबाजारीपण दिसले, तर दुसरीकडे त्याच ओसरीवर खेळणारी चुणचुणीत मुले दिसली. या मुलांना शाळा मिळाली तर ती कोठल्या कोठे जातील, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. व्यापारात फिरणाऱ्या माणसाला समाज जवळून दिसतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

विक्रेत्याची नोकरी लागण्यापूर्वीच, १९१० मध्ये, सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी दूधगाव येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम सुरू केला होता. त्यासाठी मुष्टिफंडाची पद्धत अवलंबिली गेली. गावातील गृहिणींनी दळणाकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावे व त्यावर मुलांचे जेवण चालावे, अशी ती सोपी योजना होती. धनिकांच्या मोठ्या देणगीची वाट न पाहता मुठीमुठीने काम उभे राहू शकते, हे तेथे सिद्ध झाले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. एकाच पंक्तीत सर्व जातींची मुले जेवत. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे व शेतीची कामे मुलेच करीत. बोर्डिंगात धान्य नसले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपला एकेक दागिना काढून देत. अखेर सौभाग्याचे लेणे असलेले मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० साली या माउलीने जगाचा निरोप घेतला. अपरिग्रहावर व्याख्याने पुष्कळ ऐकावयास मिळतात. लक्ष्मीबाईंनी ते व्रत प्रत्यक्ष आचरले.

येथून पुढे भाऊरावांच्या कार्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. मुले जसजशी शिकत गेली, तसतसा त्यांच्यापुढे पुढचा प्रश्न उभा राहिला आणि प्रत्येक प्रश्नासाठी भाऊरावांनी एक नवी पायरी बांधली. त्या काळी मराठी सातवीनंतर व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असे. ती उत्तीर्ण झालेल्या खेड्यातील मुलाने पुढे काय करावे? त्यास शिक्षक होता यावे म्हणून १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय निघाले. तयार झालेल्या शिक्षकांनी काम कोठे करावे? त्यासाठी जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळा उघडण्यात आल्या. त्या शाळांतील मुलांनी हायस्कुलात जावे तर फी कोठून आणावी? म्हणून १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी विद्यालय सुरू झाले. मॅट्रिक झालेल्या मुलांसाठी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि पदवीधरांना हायस्कुलाचे शिक्षक होता यावे म्हणून १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन अशी ही शिडी चढत गेली. स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही निघाले.

या शिडीचे वैशिष्ट्य असे की, तिच्या प्रत्येक पायरीवर उतरण्याची सोय होती. ज्यास घरच्या परिस्थितीमुळे तेथेच थांबावे लागे, तो रिकाम्या हाताने परत जात नसे. तो शिक्षक तरी होई, नाही तर शेतीचे सुधारलेले ज्ञान घेऊन घरी जाई. ज्यास पुढे जावयाचे असे, त्याच्यासाठी 'कमवा आणि शिका' ही योजना होती. विद्यार्थ्याने काही तास शेतात वा इतरत्र काम करावे व त्या श्रमाच्या मोबदल्यात आपला शिक्षणखर्च भागवावा. यात कोणावर उपकार नव्हते, कोणाची लाचारी नव्हती. श्रमण हा शब्दच मुळी श्रमाशी नाते सांगणारा आहे. श्रमाची लाज वाटू नये, हा संस्कार भाऊरावांनी पदवी मिळण्याच्या आधीच मुलांवर केला.

होतकरू विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी कर्ज मिळावे व कमावता झाल्यावर त्याने ते परत करावे, म्हणजे त्याच पैशांत दुसरा विद्यार्थी शिकेल, या हेतूने लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढीही निघाली. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील हे गरीब घरचे विद्यार्थी विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन त्यांनी साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजची धुरा वाहिली आणि पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. परंतु खेड्यातील शाळेत जन्मभर निष्ठेने शिकविणाऱ्या असंख्य अज्ञात शिक्षकांचे मोलही भाऊरावांच्या लेखी तितकेच होते.

त्याच काळात आपल्या मराठवाड्याची स्थिती काय होती, हे पाहिले म्हणजे या कार्याची थोरवी अधिक कळते. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून, हायस्कुले मोजकी व महाविद्यालयासाठी औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. पोखर्णीसारख्या गावातील मुलापुढे 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहण्यापूर्वीच त्याची शाळा सुटत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज व औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा कोठे आपल्याकडे शिडीच्या वरच्या पायऱ्या दिसू लागल्या.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. जे शालेय परीक्षेच्या पलीकडे जाऊ शकले नाहीत, त्यांच्यापुढे विद्यापीठ नतमस्तक झाले. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. तोपर्यंत रयतच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभराच्या वर गेली होती. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे आणि आज चारशेहून अधिक माध्यमिक शाळा व चाळीसहून अधिक महाविद्यालये असा तिचा विस्तार आहे.

हे चरित्र वाचून हात जोडले आणि पान उलटले, असे होऊ नये. आज आपल्या मुलांपुढे वाटांचा तुटवडा नाही. उलट वाटा इतक्या आहेत की मूल गोंधळते व पालक शेजाऱ्याकडे पाहून निर्णय घेतात. शेजारचा मुलगा लातूरला किंवा कोट्याला गेला म्हणून आपलाही गेला पाहिजे; दुकान आहे म्हणून मुलाने वाणिज्य शाखाच घेतली पाहिजे; मुलीचे लग्न करावयाचे आहे म्हणून जवळच्या कॉलेजात मिळेल ते शिकले तरी चालेल, असे विचार आपल्या घरांतून सर्रास ऐकू येतात. आम्ही कापडवाले गिऱ्हाइकाची गरज विचारल्याशिवाय ताग्याला कात्री लावीत नाही. मुलाचे आयुष्य तर ताग्याहून कितीतरी मोलाचे आहे. त्याचा कल, त्याची झेप आणि घरची ऐपत या तिन्हींचे माप आधी घेतले पाहिजे.

वैद्यक व अभियांत्रिकी यांखेरीजही सन्मानाचे मार्ग आहेत. आपल्या परभणीतच १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यात शेतीबरोबर अन्नतंत्राचेही शिक्षण मिळते. ज्या गावाचा व्यवहार शेतमालावर चालतो, तेथील व्यापाऱ्याच्या मुलास याहून जवळची विद्या कोणती? दहावीनंतर आयटीआय व तंत्रनिकेतन आहे, बारावीनंतर सनदी लेखापालाची परीक्षा, कायदा, परिचर्या, अध्यापन असे अनेक मार्ग आहेत. ज्याचा हात यंत्रावर चालतो, त्यास जबरदस्तीने पुस्तकात कोंबण्यात कोणाचेच कल्याण नाही.

सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत आपल्या ट्रस्टने तीन गोष्टी कराव्यात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. पहिली, दहावीच्या निकालाची वाट न पाहता नववीपासूनच निरनिराळ्या व्यवसायांतील समाजबांधवांना बोलावून त्यांची मुलांशी व पालकांशी गाठ घालून द्यावी. दुसरी, गुणवंतांच्या सत्काराइतकेच महत्त्व कमी गुण मिळालेल्या मुलास द्यावे. कारण सत्कार झालेल्यास वाट बहुधा सापडते, मार्गदर्शनाची खरी गरज दुसऱ्यास असते. तिसरी, परतफेडीच्या तत्त्वावर उच्च शिक्षणासाठी कायम निधी उभारावा. त्यात धनिकांनी भर घालावीच, पण प्रत्येक घराने मुष्टिफंडाप्रमाणे आपली मूठही टाकावी. त्या निधीचे दार गावातील कोणत्याही गरजू मुलासाठी उघडे असावे. एका विद्यार्थ्यास बोर्डिंगातून बाहेर जावे लागले होते, त्याची भरपाई म्हणून यापेक्षा उचित असे दुसरे काय असू शकेल?

ज्ञानदानाच्या या महान उपासकास त्रिवार वंदन!

जय जिनेंद्र.