आकृतीतले बोमन कोण?



उत्सर्जन संस्थेचा धडा आला की आपण फळ्यावर घेवड्याच्या बीसारखी दोन मूत्रपिंडं म्हणजे वृक्कं काढतो. त्यांतून उतरणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, खाली मूत्राशय, मग मूत्रमार्ग. शेजारी नेफ्रॉन मोठा करून दाखवतो आणि त्याच्या टोकाच्या पेल्याला नाव देतो, बोमन संपुट. मुलं नाव पाठ करतात, मार्क मिळतात. पण हे बोमन कोण, असं एखाद्या मुलीने विचारलंच तर?

त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण आपली मुलं पेपरात जी चूक करतात ती खुद्द बोमन यांनीही केली होती. मूत्रपिंड रक्तातली घाण निवडून बाहेर टाकतं, असं बहुतेक मुलं लिहितात. वरवर बरोबर वाटतं, पण तसं ते नाही.

विल्यम बोमन यांचा जन्म २० जुलै १८१६ चा, इंग्लंडमधल्या नँटविच गावचा. वडील बँकेत, पण वनस्पतींचे चांगले अभ्यासक. घरात निरीक्षणाची सवय होतीच. लहानपणी बंदुकीच्या दारूशी खेळताना स्फोट होऊन विल्यमच्या हाताला जखम झाली, आणि ती बरी करणाऱ्या डॉक्टरांचं कसब पाहून त्याला शस्त्रक्रियेची ओढ लागली, असं सांगतात. पुढे बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात जोसेफ हॉजसन या शल्यविशारदांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १८३७ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात आले. तिथे रॉबर्ट टॉड या प्राध्यापकांसोबत त्यांचं काम सुरू झालं.

आता थोडं मागे जावं लागेल. १६६६ मध्ये इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी मूत्रपिंडाच्या धमनीत रंगीत द्रव सोडून पाहिला, तेव्हा फांदीला फळं लटकावीत तसे बारीक गोळे रंगून उठले. हे गोळे म्हणजे केशवाहिन्यांचे गुच्छ. दुसरीकडे, मूत्रपिंडात बारीक नळ्या आहेत हेही माहीत होतं. प्रश्न एवढाच की गोळ्याचा नळीशी संबंध काय? पावणेदोनशे वर्षं याचं पक्कं उत्तर मिळालं नाही. योहान्स म्युलर यांच्यासारखे जर्मनीतले नामवंत शास्त्रज्ञ तर संबंध नाहीच म्हणत होते.

बोमन यांच्याकडे तोवर चांगला सूक्ष्मदर्शक आला होता. त्यांनी धमनीत एकापाठोपाठ दोन द्रावणं सोडली. आत ती एकत्र आली की पिवळा साका तयार होई आणि अगदी बारीक वाहिन्यासुद्धा उठून दिसत. माणूस, घोडा, पोपट, बेडूक, बोआ साप, जे मिळेल त्याचं मूत्रपिंड त्यांनी तपासलं. दाब जास्त झाला की एखादा गुच्छ फुटायचा. हा खरं तर प्रयोगातला बिघाड! पण फुटलेल्या गुच्छातला रंग इकडेतिकडे न सांडता भोवतीच्या पेल्यात जायचा आणि तिथून सरळ नळीत उतरायचा. म्हणजे पेला ही नळीचीच सुरुवात. गुच्छ त्या पेल्यात बसलेला.

हा निबंध १८४२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला, तेव्हा त्यांना सव्विसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच वर्षी सोसायटीचं रॉयल पदक मिळालं.

रचना बरोबर सापडली. मग काम? बोमन यांनी असा विचार केला: नळीच्या भिंतीतल्या पेशी जाड, ग्रंथींतल्या पेशींसारख्या दिसतात. गुच्छातून निघालेलं रक्त पुढे या नळ्यांभोवतीच्या केशवाहिन्यांत जातं. बोआ सापात तर शरीराच्या मागच्या भागातलं रक्त शिरेतून थेट नळ्यांभोवती येतं. तेव्हा यूरियासारखी घाण या पेशीच रक्तातून उचलत असणार, आणि गुच्छ फक्त पाणी सोडत असणार, ती घाण धुऊन नेण्यासाठी. तर्कात खोट काढणं कठीण आहे. मी त्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

गंमत म्हणजे १८४२ मध्येच जर्मनीतल्या मारबुर्गला कार्ल लुडविग यांनी वेगळं मांडलं. रक्तदाबाने गुच्छातून सगळंच गाळलं जातं, मोठे प्रथिनांचे रेणू तेवढे मागे राहतात, आणि पुढे नळीतून पाणी परत रक्तात जातं. हा वाद ऐंशी वर्षं चालला.

बोमन मात्र त्यात अडकून राहिले नाहीत. ते डोळ्यांकडे वळले. १८४६ मध्ये मूरफील्ड्सच्या नेत्र रुग्णालयात नेमणूक झाली आणि लंडनचे अग्रगण्य नेत्रशल्यविशारद म्हणून त्यांचं नाव झालं. डोळ्याच्या पारपटलातल्या एका थरालाही त्यांचंच नाव आहे. परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी खटपट केली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी त्यांचा स्नेह होता. १८८४ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २९ मार्च १८९२ रोजी ते वारले, तेव्हा मूत्रपिंडाचा निकाल लागायचाच होता.

तो लागला १९२४ मध्ये, फिलाडेल्फियात. वेर्न आणि रिचर्ड्स यांनी केसाहून बारीक काचेची नळी जिवंत बेडकाच्या बोमन संपुटात खुपसून आतला थेंब काढला. त्या थेंबात ग्लुकोज होतं! मूत्राशयातल्या लघवीत मात्र नव्हतं. म्हणजे साखर आधी गाळली गेली आणि वाटेत परत घेतली गेली.

वर्गात मी दिवाळीच्या साफसफाईचं उदाहरण देते. कपाटातली फक्त रद्दी शोधून काढायची, की सगळं कपाट रिकामं करून हवं ते परत लावायचं? मूत्रपिंड दुसरी रीत वापरतं. दोन्ही मूत्रपिंडांतली मिळून वीसेक लाख संपुटं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकी सगळं परत! हा आकडा सांगितला की मुलं आधी हसतात, मग वहीत गुणाकार-भागाकार करत बसतात. मधुमेहात साखर इतकी वाढते की परत घ्यायला नळी पुरी पडत नाही आणि ती लघवीत उतरते, हेही मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

बोमन अगदीच चुकले होते असंही नाही. १९२३ च्या सुमारास बाल्टिमोरच्या मार्शल यांनी दाखवलं की काही पदार्थ नळीच्या पेशी खरंच रक्तातून उचलून आत टाकतात. गाळणं, परत घेणं आणि थोडं वरून टाकणं, तिन्ही चालतं.

आणि हो, नेफ्रॉन काढताना नळीभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं जरूर काढा. तास संपत आला की आपण सगळेच ते गाळतो, मग परत घेतलेलं जातं कुठे हे मुलांना दिसतच नाही. बोमन यांच्या १८४२ च्या चित्रात ते आहे.