नाकाची मोजपट्टी आणि बाबासाहेब

डीएनएवरून माणसाच्या केसांचा, डोळ्यांचा रंग सांगणारी चाचणी आता निघाली आहे. हायरिसप्लेक्स नावाची ही चाचणी डीएनएतील 24 जागा तपासते. युरोपात ती कामाची. जळगाव-धुळ्यात ती बहुतेकांचे केस काळेच सांगणार! पण शरीरावरून माणूस ओळखण्याचा हा खेळ नवा नाही.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. त्याच वर्षी रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधील जातींच्या शरीरमापांचे आकडे प्रसिद्ध केले. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत! बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवले. 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर हीच नाकाची मापे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे सिद्ध केले. मनुवाद्यांच्या वंशश्रेष्ठत्वाचा पायाच उखडला.

खान्देशाने तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. 23 ऑक्टोबर 1929 रोजी सरकारी समितीचे सदस्य असलेले बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर उतरले. विलायतेत शिकलेला हा बॅरिस्टर! पण टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. त्यांनी नाक मोजले नव्हते, केस पाहिले नव्हते. फक्त जात ऐकली होती. अखेर समाजातल्याच एका अननुभवी माणसाने टांगा हाकला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. तरीही 31 जुलै 1937 रोजी ते खटल्यासाठी धुळ्यात आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

2013 साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी डीएनएवरून दाखवले, की सुमारे 1,900 वर्षांपूर्वीपर्यंत या देशातले समूह एकमेकांत मिसळत होते. नंतर जातीअंतर्गत विवाहाने दारे बंद झाली. बाबासाहेबांनी हे कारण 97 वर्षे आधीच सांगितले होते.

वकील म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. 2022 च्या ओळख कायद्याने आरोपींचे जैविक नमुने घेण्याची मुभा दिली आहे. संशयाची सुई नेहमी आपल्या आणि पारध्यांच्या वस्तीकडेच वळते. उद्या मोजपट्टीची जागा डीएनएने घेतली, तर न्यायालयात उभे राहून प्रश्न कोण विचारणार? बांधवांनो, मुलांना कायदा शिकवा, विज्ञानही शिकवा. जयभीम!