उन्हाला माप देणाऱ्या ॲना मणी

पुण्यात शिवाजीनगरजवळच्या एका चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, तेव्हापासूनचे हे नाव. याच खात्याच्या पुण्यातील उपकरण विभागात १९४८ मध्ये ॲना मणी रुजू झाल्या आणि पुढे देशातील उन्हाचा भरवशाचा हिशेब त्यांच्या हातून उभा राहिला.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता, घरच्या वेलदोड्याच्या बागा. आठव्या वाढदिवशी रिवाजाप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या मिळणार होत्या. त्याऐवजी त्यांनी ब्रिटानिका विश्वकोशाचे खंड मागून घेतले. पुढे हिरे त्यांच्या वाट्याला आलेच, पण प्रयोगशाळेत. १९४० मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे दाखल झाल्या आणि हिरे-माणकांच्या वर्णपटांवर पाच शोधनिबंध लिहिले. १९४५ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून डॉक्टरेट नाकारली गेली.

त्याच वर्षी त्या सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात गेल्या. शिकायचे होते भौतिकशास्त्र, पण शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांसाठी. तेच त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. १९५३ मध्ये त्या पुण्यातील विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ जण, सगळे पुरुष. साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत असत. मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच घडवण्याची घडी बसवली.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होते. त्यानिमित्ताने मणी यांनी देशभर ऊन मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. जगातच तेव्हा उन्हाच्या मापात घोळ होता. युरोपातील आँगस्ट्रॉम प्रमाण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन प्रमाण यांचे आकडे एकाच उन्हासाठी सुमारे साडेतीन टक्क्यांनी वेगळे येत. १९५६ मध्ये तोडगा निघाला: पहिल्याचे आकडे दीड टक्क्याने वाढवायचे, दुसऱ्याचे दोन टक्क्यांनी घटवायचे. भारतातील प्रत्येक उपकरण अशा मान्य प्रमाणाशी ताडून पाहणे आवश्यक होते.

दुसरा प्रश्न एककांचा. त्या काळी नोंद कॅलरीत होत असे. एका चौरस सेंटिमीटरवर पडलेली एक कॅलरी उष्णता म्हणजे एक लँगली. आज आपण वॅट प्रति चौरस मीटर वापरतो. एक कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल आणि एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर. म्हणून एक लँगली म्हणजे प्रति चौरस मीटर ४१,८४० ज्यूल. ही उष्णता एका मिनिटात आली, तर ६० ने भागून सुमारे ६९७ वॅट. येथे अनेकांची गफलत होते. लँगली हे साठलेल्या उष्णतेचे माप आहे, वॅट हे ती येण्याच्या वेगाचे. किती वेळात आली हे सांगितल्याशिवाय एकाचे दुसरे करता येत नाही.

हा हिशेब कागदापुरता नाही. बीड जिल्ह्यातील कडा हे आष्टी तालुक्यातील दुष्काळी पट्ट्यातले गाव. समजा, तिथे एखाद्या दिवशी ५०० लँगली ऊन पडले. म्हणजे प्रति चौरस मीटर २०.९ मेगाज्यूल, सौर पॅनेल बसवणारा यालाच ५.८ युनिट म्हणेल. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल लागतात. सगळी उष्णता पाण्यातच खर्ची पडली, तर साडेआठ मिलिमीटर पाणी उडेल. प्रत्यक्षात काही ऊन परत फिरते, वाराही फरक पाडतो. तरी मापात दहा टक्के चूक झाली, तर दहा गुंठ्यांच्या शेततळ्याच्या या अंदाजात रोज साडेआठशे लिटरची चूक होते. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असा मणी यांचा आग्रह का होता, ते यातून कळते.

साठच्या दशकात त्यांच्या विभागाने वातावरणातील ओझोन मोजणारे उपकरण देशातच तयार केले. त्वचेला आणि डोळ्यांना घातक असे अतिनील किरण ओझोनचा थर अडवतो, म्हणून या नोंदींना आरोग्याच्या दृष्टीनेही मोल आहे. १९६९ मध्ये त्यांची दिल्लीला बदली झाली आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर १९८० आणि १९८१ मध्ये भारतातील सौर प्रारणावरचे त्यांचे दोन ग्रंथ आले. जिथे उपकरणे नव्हती, अशा ठिकाणांचे अंदाजही त्यांनी इतर हवामान नोंदींवरून मांडले. पवनऊर्जेसाठी वाऱ्याच्या नोंदी गोळा करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले.

१६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. डॉक्टरेट त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. मात्र सौर पंप किंवा सौर प्रकल्प उभारताना इथे ऊन किती, हा प्रश्न पहिला येतो आणि त्याचे उत्तर देणाऱ्या नोंदींचा पाया मणी यांनी घातला आहे.