खराटा हाती घेणारे गाडगे महाराज

आषाढ लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांत चिखलणी व रोवणी सुरू होते. अशा वेळी शहरात चार यत्ता शिकून आलेला एखादा मुलगा चिखलात पाय घालण्यास लाजतो, आणि पोर आता मोठे झाले असे समजून आईबापही मनात सुखावतात. अशा घरी वाचले जावे म्हणून शेजारच्या वऱ्हाडातील एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परटाच्या कुळात, 23 फेब्रुवारी 1876 रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म झाला. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखूबाई लहानग्या डेबूस घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे गावी माहेरी येऊन राहिली. तेथे मामाची गुरे राखणे ही डेबूची पहिली शाळा, आणि दुसरी शाळा औताची. अक्षरओळख अशी त्यास झालीच नाही. परंतु काळ्या जमिनीत सरळ तास धरणे, बैलांची निगा राखणे, भर पुरात पोहणे, ह्या विद्यांत तो तरबेज झाला. दिवसभर राबावे व रात्री भजनात बसावे, असा त्याचा क्रम असे. हे कष्ट त्यास जाच वाटले नाहीत. ते वाटले असते, तर पुढे मोकळे झाल्यावर त्याने पुन्हा खराटा उचललाच नसता, असे आम्हांस वाटते.

पुढे कर्जापायी सावकाराने मामांची जमीन बळकावली आणि त्या धक्क्याने मामा वारले. घराचा भार डेबूजींवर पडला. मुलीच्या बारशास जातीच्या रीतीप्रमाणे दारू व मांस न देता त्यांनी पंक्तीस गोडाचे जेवण वाढले. बापाचे मरण ज्याने पाहिले त्याने असे करावे ह्यात नवल नाही. पण भाऊबंदांच्या रागास तोंड द्यावे लागते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती मातीचे गाडगे व खराटा. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगे महाराज म्हणू लागले. पण भीक मागत फिरणाऱ्या बैराग्यांपैकी ते नव्हते. कोणाच्या दारी भाकर घ्यावयाची तर आधी लाकडे फोडून द्यावीत, ओझे उचलावे, मग खावे. तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही. गावात शिरताच ते रस्ते व गटारे झाडावयास लागत. गावकरी आधी हसत, मग ओशाळत, मग त्यांतले काही स्वतःच झाडू घेऊन येत. रात्री कीर्तन होई. त्यात दारू, कर्ज, देवापुढील पशुहत्या व शिवाशीव ह्यांवर ते साध्या वऱ्हाडी बोलीत आसूड ओढीत. कोणी पाया पडावयास आला तर त्याच्यावर काठी उगारीत.

पुढे लोकांनी लाखो रुपये दिले. त्यांतून नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपुरास अस्पृश्य गणलेल्या यात्रेकरूंसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस दिली. स्वतःच्या बायकोमुलांस मात्र त्यांनी ह्या पैशाचा लाभ होऊ दिला नाही. कुंताबाई झोपडीतच राहिल्या. ह्याविषयी वाचकांचे मत निराळे असू शकेल, आमचेही मन येथे थोडे अडखळते.

20 डिसेंबर 1956 रोजी त्यांस मोटारीतून अमरावतीकडे नेत असता वलगावाजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचा प्राण गेला. वय ऐंशी वर्षांचे होते. ज्यांस एक अक्षर लिहिता येत नव्हते, त्यांचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठास आहे.