जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : दमलेल्या जमिनीचा सोबती



जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपल्यातील अनेकांना नवीन नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आले आणि हा अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ मराठी घरातलाच झाला. कार्व्हर कॅथोलिक नव्हते, पण श्रद्धावंत होते. जमीन बदलते, हवामान बदलते, गावाची रीत बदलते, तेव्हा माणसाने काय करावे, याचे उत्तर त्यांच्या जीवनात सापडते.

१८६४च्या सुमारास मिझुरी राज्यातील डायमंड गावाजवळच्या एका मळ्यावर, गुलाम असलेल्या मेरी या मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. जॉर्ज तान्हा असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेले. एका घोड्याच्या मोबदल्यात बाळ परत मिळाले, आई कायमची हरपली. मळ्याचे मालक मोझेस आणि सुझन कार्व्हर यांनी त्याला वाढवले. मूल अशक्त, त्यामुळे शेतातल्या कष्टांऐवजी त्याच्या वाट्याला घरकाम आणि बाग आली. आजारी रोपे बरी करणारा मुलगा म्हणून शेजारीपाजारी त्याला ओळखू लागले.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण वर्णभेद संपला नाही. शाळेसाठी जॉर्जला घर सोडावे लागले. कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो शिकला. कॅन्ससमधील एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहताच कातडीचा रंग पाहून नाकारला. तरी त्याने शिक्षण सोडले नाही. आयोवा येथील कृषी महाविद्यालयातून १८९४ साली पदवी आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी मिळवली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामातील टस्कीगी संस्थेत आले. तेथील शेते दमलेली होती. वर्षानुवर्षे फक्त कापूस घेतल्याने मातीतला कस निघून गेला होता. बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे दुसऱ्याची जमीन वाट्याने करीत. बियाणे उधार, किराणा उधार, आणि सावकाराला हवा असे फक्त कापूस. म्हणजे माती थकलेली आणि माणूस बांधलेला.

कार्व्हर यांच्याकडे प्रयोगशाळाही नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उकिरड्यावरून बाटल्या, बरण्या, तारा गोळा केल्या आणि कामाला सुरुवात केली. त्यांचा उपाय साधा होता. चवळी, भुईमूग यांसारख्या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. म्हणून कापसाबरोबर आलटूनपालटून ही पिके घ्यावीत, पोटासाठी रताळी लावावीत. महागडे खत परवडत नसेल तर रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ वापरावा.

सांगितले म्हणून कोणी ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. १९०६ साली त्यांनी खेचरे जुंपलेल्या गाडीत अवजारे आणि बियाणे भरून फिरती शाळा सुरू केली. ज्याला शाळेपर्यंत येणे शक्य नव्हते, त्याच्या बांधावर शाळा गेली. सोप्या भाषेतील पुस्तिकाही त्यांनी काढल्या. १९१६ सालच्या पुस्तिकेत भुईमुगाची लागवड आणि शेंगदाण्याचे १०५ खाद्यप्रकार दिले होते, कारण नवे पीक घ्यायचे तर ते घरात खाल्लेही गेले पाहिजे. पीनट बटर त्यांनीच शोधले असे सांगितले जाते, ते खरे नाही. पण त्यांचे मोठेपण त्यावर अवलंबून नाही.

याच काळात कापसाची बोंडे पोखरणारा सोंडकिडा मेक्सिकोतून टेक्सासमार्गे अलाबामात पोहोचला. पिकेच्या पिके बुडाली. तेथील एंटरप्राइज गावचे शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि सावरले. १९१९ साली त्यांनी चक्क त्या किड्याच्या नावाने स्मारक उभारले! संकटाने त्यांना एकाच पिकावरच्या भरवशातून बाहेर काढले होते. सगळ्यांना मात्र हे जमले नाही. जमीन स्वतःची नसलेली असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या शहरांकडे निघून गेली. त्यांना दोष देता येत नाही. पीक बदलायलाही थोडे स्वातंत्र्य हाती लागते.

कार्व्हर पहाटे रानात जात, झाडपाला गोळा करीत आणि प्रार्थना करीत. रविवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांचा बायबल वर्ग घेत. पगारवाढीची त्यांना ओढ नव्हती. साठवलेली पुंजी त्यांनी संशोधनासाठी संस्थेलाच दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

बंधूभगिनींनो, बदलापुढे मान तुकवणे वेगळे आणि बदलाशी जुळवून घेणे वेगळे. मान तुकवणारा हातचे सोडून देतो. जुळवून घेणारा हाती काय उरले आहे ते नीट पाहतो. कार्व्हर यांच्या हाती उकिरड्यावरच्या बाटल्या होत्या आणि दलदलीतला गाळ होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जे कळले ते त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही, गाडीत भरून शेजाऱ्याच्या दारी नेले. आपल्यातही कोणाची विहीर मचूळ झाली असेल, कोणाचा जुना धंदा बसला असेल, कोणाची मुले परगावी गेली असतील. त्या घरापर्यंत आपली गाडी कधी जाणार, याचा विचार या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने करावा.