विश्लेषण : ‘ॲलिस’च्या लेखकाने सोडवलेले समीकरणांचे कोडे

राणी व्हिक्टोरियाला ‘ॲलिस इन वंडरलँड’ इतके आवडले, की तिने लेखकाचे पुढचे पुस्तक मागवले आणि हाती पडले गणिताचे पुस्तक! ही कथा खोटी. खुद्द लेखकानेच ती फेटाळली होती. गणिताचे पुस्तक मात्र खरे आहे. समीकरणांच्या गटाला उत्तर आहे की नाही, हे ठरवणाऱ्या नियमाची पहिली छापील सिद्धता त्यात आहे.

लेखक कोण?
लुईस कॅरोल हे टोपणनाव. खरे नाव चार्ल्स लुटविज डॉजसन. जन्म २७ जानेवारी १८३२, इंग्लंडमधील डेअर्सबरी येथे. पाद्र्याच्या अकरा मुलांपैकी ते एक. बोलताना ते अडखळत. तरीही १८५५ ते १८८१ या काळात त्यांनी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवले. ‘ॲलिस’ १८६५ मध्ये आले, तर निश्चयकांवरचे (डिटरमिनंट) पुस्तक १८६७ मध्ये.

कोडे काय होते?
क्ष + य = १० आणि क्ष – य = २ यांचे उत्तर एकच : ६ आणि ४. दुसरे समीकरण २क्ष + २य = २० असेल, तर ती पहिल्याचीच दुप्पट. नवी माहिती नाही, म्हणून उत्तरे अनंत. २० ऐवजी २५ असेल, तर दोन्ही समीकरणे एकाच वेळी खरी ठरत नाहीत, उत्तरच नाही. पण समीकरणे दहा असतील तर?

नियम काय सांगतो?
क्ष, य यांच्या सहगुणकांची चौकट मांडा. उजवीकडच्या संख्यांचा स्तंभ जोडून दुसरी चौकट करा. प्रत्येकीतून शून्य नसलेला सर्वांत मोठा निश्चयक किती ओळींचा निघतो, ते पाहा. आज या आकड्याला ‘रँक’ म्हणतात.
• दोन्ही आकडे वेगळे : उत्तर नाही. (२५च्या उदाहरणात ते १ आणि २ येतात.)
• आकडे सारखे आणि अज्ञातांच्या संख्येइतके : एकच उत्तर.
• आकडे सारखे, पण अज्ञातांपेक्षा कमी : अनंत उत्तरे.

श्रेय कोणाला मिळाले?
फ्रान्सच्या यूजीन रूशे यांनी १८७५ मध्ये हा नियम मांडला. पाठ्यपुस्तकांत तो रूशे-कॅपेली किंवा क्रोनेकर-कॅपेली या नावांनी येतो. डॉजसन यांना ‘मॅट्रिक्स’ हा शब्द मान्य नव्हता; ते ‘ब्लॉक’ म्हणत. चिन्हेही त्यांनी स्वतःची वापरली. ती रूढ झाली नाहीत.

१४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्ड येथे त्यांचे निधन झाले. निश्चयकाची किंमत काढण्याची त्यांची १८६६ची रीत मात्र आजही ‘डॉजसन कंडेन्सेशन’ याच नावाने ओळखली जाते.